पायरीवरचा हिशेब

डिसेंबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी चष्म्याचं घर शोधायला म्हणून मी मैदानाच्या पायरीपाशी वाकले, तर तिथं विटेच्या तुकड्यानं काहीतरी लिहिलेलं दिसलं. सानपाड्यातल्या आमच्या या मैदानाला एका बाजूनं सिमेंटच्या चार पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर बसून मी मुलांच्या वह्या बघते, खालच्या पायरीवर मुलं चपला काढतात, दप्तरं टाकतात, पाणी सांडतात. त्या खालच्या पायरीच्या अगदी कोपऱ्यात, भिंतीला लागून, एकाखाली एक आकडे होते. ४, ५, ६, मग ८, ९ आणि असे १५ पर्यंत. प्रत्येकापुढे चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, असे जुडगे. त्यांच्यापुढे अपूर्णांक. ९च्या पुढे बारापैकी सात, ११च्या पुढे नवापैकी पाच. मी मोबाइलचा दिवा लावून वाचत राहिले. त्या संध्याकाळी बास्केटबॉलच्या सरावात मारलेल्या फ्री थ्रोचा, म्हणजे रेघेमागून मोकळ्या फेकीचा, तो हिशेब होता. सरांनी प्रत्येकाला एक मिनिट दिलं होतं, त्या मिनिटात कुणी किती बॉल मारले आणि त्यातले किती रिंगमधून गेले, सगळं टिपलेलं. शेवटी दोन आकड्यांभोवती गोल करून क्रम लावला होता. ११ पहिला, ९ दुसरा.

सात नंबर त्यात नव्हता. लिहिणारी सात नंबरच होती.

आमच्याकडे मुलांना नंबरानंच हाक मारतात. सरांच्या जुन्या संघाच्या बारा जर्सी त्यांच्या माळ्यावर पडून होत्या, निळ्या, बगलेत उसवलेल्या, ४ ते १५ नंबरांच्या. पूर्वी आंतरराष्ट्रीय नियमांत नंबर चारपासूनच सुरू व्हायचे. आता तसं नाही, पण मुलांना आपल्या संघात एक, दोन, तीन नाहीत याचं फार अप्रूप आहे. बारा जर्सी म्हणून बारा मुलं, सात मुलगे आणि पाच मुली, सगळी सातवी-आठवीतली, पालिकेच्या शाळेत सकाळच्या सत्राला जाणारी. सगळी तुर्भे स्टोअरच्या बाजूनं येतात. ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडायचा, मग रेल्वे, मग मार्केटच्या कडेनं चालत अर्धा तास. रस्त्याच्या त्या बाजूला डोंगर, दगडखाणी, कारखाने आणि वस्ती. या बाजूला सिडकोचे सेक्टर, झाडं, जॉगिंग ट्रॅक आणि रिकामी राहिलेली बास्केटबॉलची कोर्टं. मसाला मार्केटवरून वारा आला की अख्ख्या मैदानाला मिरचीचा ठसका लागतो. मुलं शिंकत शिंकत ड्रिबल करतात. सिमेंटवर घासून घासून बॉलचे दाणे गेले आहेत, घामेजल्या हातातून तो साबणासारखा सटकतो, आणि तरी तो जमिनीवर आपटल्याचा ढप ढप आवाज लांबून कानावर आला की माझी पावलं आपोआप भरभर पडायला लागतात.

आमची संस्था वगैरे काही नाही. सर एका शाळेत खेळाचे शिक्षक होते, मी बँकेत होते, दोघंही निवृत्त. सर खेळ शिकवतात, मी गणित आणि थोडं इंग्रजी. सुरुवातीला मुलं फक्त खेळायला यायची. मी पायरीवर वाट बघत बसायची आणि माझ्याकडे कुणी फिरकायचं नाही. मग मीच नियम काढला. वही नाही, तर बॉल नाही. आदल्या दिवशी दिलेली दहा गणितं वहीत दाखवायची, मी सही करायची, मगच कोर्टात पाऊल. सर त्या वेळी काही बोलले नाहीत, फक्त शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. आठवडाभरात बाराच्या बारा वह्या माझ्यापुढे रांगेनं येऊ लागल्या. मला फार बरं वाटलं. खेळाच्या ओढीनं मुलं अभ्यासाला लागली, असं मी चार जणांना फोन करून सांगितलं.

त्या मंगळवारी सात नंबर वहीशिवाय आली. मी विचारलं, "वही कुठाय?" ती म्हणाली, "नाही आणली." मी म्हटलं, "मग आज बसायचं." ती बसली. गुरुवारी पुन्हा तेच. या वेळी मी विचारलंही नाही, नुसतं पायरीकडे बोट दाखवलं. तिनं विनवलं असतं, रडली असती, तर मी विरघळले असते, हे मला माहीत आहे. पण ती खालच्या पायरीवर कोपऱ्यात जाऊन बसली, गुडघ्यावर हनुवटी टेकवून, आणि तासभर खेळ बघत राहिली. मी अकरा वह्या तपासत होते. माझ्यापासून तीन पायऱ्या खाली काय चाललं आहे, हे मी मान वर करून बघितलं नाही.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. गुरुवारीही नाही.

माझं लहानपण ठाण्यात गेलं, नौपाड्यात. आठवी-नववीत मी शाळेच्या खो-खोच्या संघात होते. खांबाला हात लावून सर्रकन वळायचं, पळणारीच्या पाठीला बोटं लागता लागता सूर मारायचा, कोपरं सोलवटून निघायची आणि त्यावर आई हळद दाबायची, तिचा वास आजही नाकात आहे. दहावीच्या जूनमध्ये वडील म्हणाले, "आता वर्षभर खेळ बंद. मार्क दाखव, मग बघू." वडील वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात फिटर होते, त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. मी मार्क दाखवले. चांगले दाखवले. पुढे बारावी आली, पदवी आली, बँकेची परीक्षा आली, आणि त्या "मग बघू"ची वेळ काही आली नाही. वडिलांमुळे मी पायांवर उभी राहिले. ते गेले तेव्हा मी हे त्यांच्या फोटोपुढे म्हटलंसुद्धा आहे. पण तरीही एखाद्या शाळेच्या मैदानावरून जाताना "खो" असा आवाज आला की पोटात काहीतरी तुटतं. ही दोन्ही खरी आहेत आणि मला ती आजवर एकत्र बसवता आलेली नाहीत. चाळीसपेक्षा जास्त वर्षांनी तोच नियम मी एका तेरा वर्षांच्या मुलीला लावला, आणि लावताना मला वडिलांची आठवणदेखील झाली नाही.

माझा भाचा डॅलसला असतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, मावशी, इथे तर हा कायदाच आहे. टेक्सासमध्ये १९८४ साली आला. एखाद्या विषयात सत्तरच्या खाली गुण पडले की सहा आठवडे शाळेच्या संघातून खेळता येत नाही. पुढे १९९५मध्ये सहाचे तीन आठवडे केले. लोकांनी तेव्हाही भांडण केलं होतं म्हणे, की ज्या मुलाला शाळेत धरून ठेवणारी एकच दोरी आहे तीच तुम्ही कापता. मी त्यावर बराच विचार केला. तिथं संघातून काढलेला मुलगा निदान दुसऱ्या दिवशी त्याच शाळेत असतो, त्याच प्रशिक्षकाला रोज जिन्यात भेटतो. आमच्या मुलीला मी पायरीवर बसवलं, तर तिच्यासाठी मागे काय उरतं? रस्ता ओलांडून इतक्या लांब यायचं ते कशासाठी? आमच्याकडे ना हजेरी आहे ना घंटा. एक बॉल आहे. तोच मी तारण म्हणून ठेवून घेतला होता. बँकेत आयुष्यभर तारण बघितलं, पण घरातली एकुलती एक वस्तू घेऊन कुणी आलं की आम्ही दोनदा विचार करायचो.

आणि त्या अकरा वह्या! ती गेल्यावर मी त्या पुन्हा नीट बघितल्या. सगळ्यांची दहाही गणितं बरोबर. सगळ्यांच्या सहाव्या गणितात मधली एक पायरी गाळलेली, तीच, तशीच. पाच नंबर सोडवत होता, बाकीचे रस्त्यात चालता चालता उतरवत होते, आणि मी हिरव्या पेनानं सह्या ठोकत होते. वही नसलेल्या एका मुलीनं मात्र विटेच्या तुकड्यानं अपूर्णांकांचा खराखुरा उपयोग केला होता. तोही चुकीचा, आणि म्हणूनच माझ्या दृष्टीनं लाखमोलाचा. नवापैकी पाच म्हणजे साधारण छप्पन टक्के, बारापैकी सात म्हणजे अठ्ठावन्न. म्हणजे ९ नंबर पहिला यायला हवा. तिनं ११ला पहिला का केला, हे मला दोन दिवस कळेना. मग भाजी चिरताना एकदम उलगडलं. ११चे चार चुकले, ९चे पाच. कमी चुकले तो पुढे. बहुतेक मुलं अपूर्णांकात इथंच अडखळतात. वरच्या आणि खालच्या आकड्यातली वजाबाकी बघतात, त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं बघत नाहीत. वह्या तपासून मला हे वर्षभरात कळलं नसतं.

नऊ नंबर तिच्या शेजारच्या गल्लीत राहतो. त्याला खोदून विचारलं तर म्हणाला, "काकू, तिची वही भरली. मम्मीचा पगार झाल्यावर आणणार होती." मला उभ्या उभ्या शरम वाटली. मी शंभर पानी दोन वह्या घेतल्या आणि रविवारी नऊ नंबरला बरोबर घेऊन तिच्या घरी गेले. पत्र्याचं घर, दारात निळा ड्रम, आत उंचावर मांडलेला देव्हारा. आई कांदा-बटाटा मार्केटला कांदा निवडायला जाते. तिच्या बोटांची टोकं काळपट पडली होती आणि घरातही कांद्याच्या टरफलांचा सुका वास होता. मी माफी मागायची तयारी करून गेले होते, वहीचं सगळं बोलून टाकलं. त्या माउलीनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वहीचं मला ठाऊकच नव्हतं, मॅडम. तिला मीच घरी ठेवली. साडेसातला येती पोरगी. अंधारात तो हायवे वलांडून. ट्रक बघितलेत का तुम्ही तिथले? तिला काय झालं तर तुम्ही येणार का सांगायला?" मी गप्प. डिसेंबरात सहा वाजताच सूर्य बुडतो. आम्ही आधी अभ्यास, मग खेळ, असं सात वाजेपर्यंत चालवत होतो. नियम माझा, वेळापत्रकही माझं, आणि घरी जाण्याची वाट मात्र त्यांची, या गोष्टीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

मग तिनं दुसरा प्रश्न टाकला. "आन बॉल खेळून काय होणार, तेवढं सांगा." मला उत्तरं येत होती. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. शालेय स्पर्धांत वरच्या पातळीवर खेळलं तर दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात. पण त्यासाठी आधी महापालिका, मग विभाग, मग राज्य, अशा पायऱ्या चढाव्या लागतात, आणि आमची मुलं अजून पहिल्या पायरीवरही नाहीत. पंजाबच्या एका खेड्यातला सतनाम सिंग २०१५ साली डॅलसच्या संघानं निवडला, एनबीए या तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या निवडीत नाव लागलेला पहिला भारतीय. मुलांना ती गोष्ट पाठ आहे. पण सतनामची उंची सात फूट दोन इंच, आणि ही पोरगी माझ्या खांद्याला लागते. दहा फुटांवरच्या रिंगकडे बघताना तिची मान मोडते. ही लालूच मी त्या बाईला कशी दाखवू? मी तिला एवढंच सांगितलं, की आठवीला एनएमएमएस नावाची परीक्षा असते. त्यात निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. सातवीला ५५ टक्के लागतात, राखीव गटाला थोडी सूट असते. नव्वद प्रश्न बुद्धीचे, नव्वद शाळेतल्या विषयांचे. पोरगी आकडे मोजते, न सांगता मोजते, ती त्या परीक्षेला बसू शकेल. "आणि बॉल?" आई म्हणाली. मी म्हटलं, "बॉलमुळे ती मोजते." याहून जास्त खरं मला काही सांगता येत नव्हतं. तिनं चहा टाकला. सात नंबर दारात ड्रमला टेकून उभी होती, आमच्याकडे पाठ करून.

सरांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ मैदानाकडे बघत होते. सर नागपाड्यात वाढले. मुंबईच्या बास्केटबॉलची पंढरी म्हणावी अशी ती वस्ती. अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार, अर्जुन पुरस्काराचा मानकरी, तिथंच घडला, आणि बच्चू खान यांचं नाव तर तिथल्या मैदानालाच दिलेलं आहे. सर म्हणाले, आमच्या नागपाड्याच्या नेबरहूड हाउसमध्ये खेळही होता आणि शिकणंही. क्लिफर्ड मॅन्शर्ड नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी ते सुरू केलं, आणि १९३६ साली समाजकार्य शिकवणारी टाटांची संस्था, आजची टिस, त्याच इमारतीत सुरू झाली, मॅन्शर्डच तिचे पहिले संचालक. समाजकार्याचं शिक्षण या देशात सुरू झालं, त्याच्या अंगणात पोरं बास्केटबॉल खेळत होती. मग सर थोडं थांबून म्हणाले, "तिथं मला कुणी वही विचारली नाही, मॅडम. विचारली असती तर मी दुसऱ्याच दिवशी पळालो असतो. पण खेळ झाला की कुणीतरी शेजारी बसायचं. मग आपोआप बोलणं निघायचं, शाळेचं, घरचं." त्यांनी माझा नियम चुकीचा होता असं म्हटलं नाही. शिट्टीची दोरी मात्र या वेळी त्यांनी बोटाला गुंडाळली नाही.

आता आम्ही चारला सुरू करतो. आधी खेळ, मग पायरी. घामानं ओली झालेली मुलं गूळ-चणे खात बसतात, तोंडं भरलेली, श्वास अजून धापेवर, आणि त्याच वेळी डोकी सगळ्यात मोकळी असतात, हे मला बँकेत कधी कळलं नव्हतं. वही असेल तर वही, नसेल तर पायरी आहे, विटेचे तुकडे मैदानात ढिगानं आहेत. सर रोज पुठ्ठ्यावर खेळाचा एक नियम मराठीत लिहून आणतात. बारा नंबर आठवीत आला तरी त्याला धड वाचता येत नव्हतं, पुस्तक पुढे केलं की तो पाणी प्यायला उठायचा. पण पुठ्ठ्यावरचा नियम आपल्याविरुद्ध कुणी वापरू नये म्हणून तो आता अक्षर अक्षर लावून वाचतो. "पि... पिव्हट... पाय उच... लून..." बाकीचे ओरडतात, "चल ना लवकर!" तरी वाचतो. एकदा पुठ्ठ्यावर नेस्मिथची गोष्ट होती. १८९१च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या त्या मास्तरांपुढे अठरा दांडगी पोरं होती, हिवाळ्यात त्यांना कोंडून कुठं ठेवायचं म्हणून त्यांनी सज्जाच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या आणि हा खेळ काढला. टोपल्यांना बूड होतं, प्रत्येक वेळी बॉल काढायला शिडी लागायची. बारा नंबरनं ते पूर्ण वाचलं आणि विचारलं, "म्हणजे ती पण वाया गेलेलीच होती का?" हा शब्द त्यानं कुठं ऐकला, हे मी विचारलं नाही.

पावणेसहाला आम्ही उठतो. बाराही जणांना घेऊन सर पुढे, मी मागे. रस्ता एकत्र ओलांडायचा. पहिल्या दिवशी मी त्या रस्त्याच्या कडेला उभी राहिले, तेव्हा कंटेनर इतक्या जवळून गेला की ओढणी चेहऱ्यावर आली. ती आई तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. वस्तीच्या तोंडाशी मुलं पांगतात. आम्ही दोघं परत येताना फारसं बोलत नाही. मला गुडघ्याचा त्रास आहे आणि हे किती दिवस झेपेल याची धास्ती वाटते, हे लपवून काय करू.

सात नंबर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आली. आल्या आल्या माझ्याकडे बघितलं नाही, सरळ कोर्टात गेली. मला तेच बरं वाटलं. खेळ झाल्यावर बाकीच्यांच्या मागून येऊन खालच्या पायरीवर आपल्या कोपऱ्यात बसली. तिथल्या रेघा केव्हाच पुसल्या होत्या. मी तीन पायऱ्या उतरून तिच्या शेजारी जाऊन बसले, विटेचा तुकडा घेतला आणि बारापैकी सात, नवापैकी पाच, असं पुन्हा लिहिलं. म्हटलं, "दोघांनी सारखेच छत्तीस-छत्तीस बॉल मारले असते, तर?" तिनं ओठ हलवत मोजलं. नवाच्या चौपट छत्तीस, पाचाच्या चौपट वीस. बाराच्या तिप्पट छत्तीस, साताच्या तिप्पट एकवीस. "एकवीस नऊ नंबरचे," ती म्हणाली. "मग पहिला कोण?" मी विचारलं. मला वाटलं झालं, उमगलं पोरीला. ती थोडा वेळ आकड्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तरी अकराच."

"अगं, कसं काय?"

"काकू, मॅचमध्ये छत्तीस कोण देतंय? जेवढे चुकले तेवढे बॉल समोरच्यांच्या हातात जातात. याचे चारच गेले."

मी सरांना हाक मारली. सर आले, वाकून बघितलं, तिचं म्हणणं ऐकलं, माझं ऐकलं. सगळी मुलं भोवती गोळा झाली. नऊ नंबर म्हणाला, सगळे बॉल काही समोरचे पकडत नाहीत, रिबाउंड आपणपण घेतो. अकरा नंबर म्हणाला, तू किती घेतोस ते माहितीये. सर म्हणाले, "मग हेही मोजावं लागेल. चुकलेले किती आपल्याला मिळाले, किती त्यांना." सात नंबर उठून पायरीवर जागा शोधायला लागली. कोपरा अपुरा पडत होता. ती दुसऱ्या पायरीवर गेली, तळहातानं धूळ पुसली आणि ४ पासून आकडे मांडायला घेतले. या वेळी सहानंतर सात लिहिला.